शिरोडकरांचा टाका



स्मरणिकेसाठी एखाद्या थोर डॉक्टरांचे चरित्र लिहून दे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा मंडळाच्या मनात कोण आहे ते मी लगेच ओळखले. सोलापूरच्या शाळेत शिकलेल्या माणसाला थोर डॉक्टर म्हटले की डॉ. द्वारकानाथ कोटणीसच आठवतात. ते आपल्या गावचे. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्यावर आपण प्रत्येकाने निदान एकदा तरी निबंध लिहिला आहे, काहींनी वक्तृत्व स्पर्धेत बक्षीसही मिळवले आहे. म्हणून मंडळाची परवानगी घेऊन मी दुसरे नाव निवडले. हे डॉक्टर सोलापूरचे नव्हते. पण सोलापुरात असे एकही प्रसूतिगृह नसेल की जिथे त्यांचे नाव कधी उच्चारले गेले नाही. ते म्हणजे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर.

हे नाव निवडण्यामागे शाळेतली एक आठवण आहे. आपल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात प्रजननाचा एक धडा होता, आठवतो? बेडकाची पचनसंस्था दोन तास रंगली, हृदयाचे चार कप्पे फळ्यावर रंगीत खडूंनी काढून झाले. मग हा धडा आला आणि तो घरी वाचून या असे सांगून पुढचा सुरू झाला. मागच्या बाकांवर खसखस पिकली, आम्ही मुलींनी माना खाली घातल्या आणि विषय संपला. यात मी कोणाला दोष देत नाही. त्या काळी बहुतेक शाळांत हेच होत असे. पण न शिकवलेल्या त्या धड्याची किंमत आपल्यातल्याच काही जणींना पुढे मोजावी लागली, हे मी तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये पाहिले आहे. आणि त्याच धड्यातल्या एका छोट्याशा अवयवाकडे नीट पाहणारा माणूस म्हणजे डॉ. शिरोडकर.

त्यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातल्या शिरोडा या गावी झाला. गावावरूनच आडनाव पडले. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते. शिरोडकरांचे शिक्षण मात्र गोव्याबाहेर, हुबळीला झाले. हुबळी आपल्याला परकी नाही. होटगी जंक्शनवरून विजापूर, गदगमार्गे त्या मुलखात जाणारी गाडी आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. कोकणी, मराठी आणि कानडी या तिन्ही भाषांच्या सीमेवर हा मुलगा वाढला आणि डॉक्टर व्हायला मुंबईला गेला.

१८४५ साली स्थापन झालेले ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेले जे. जे. रुग्णालय हे तेव्हाचे वैद्यकशिक्षणाचे फार मोठे केंद्र होते. तिथून ते १९२३ मध्ये एम.बी.बी.एस. झाले. पुढे प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोग हा विषय घेऊन १९२७ मध्ये एम.डी. झाले. मग इंग्लंडला जाऊन १९३१ मध्ये एफ.आर.सी.एस. ही शल्यचिकित्सेची पदवी मिळवली. परत आल्यावर जे. जे. समूहाच्या रुग्णालयांत मानद डॉक्टर म्हणून काम सुरू केले. १९४० मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग विभागाचे प्राध्यापक झाले आणि १९५५ मध्ये निवृत्त झाले. पदव्यांचा आणि पदांचा हा हिशेब इतका सरळ आहे की त्यात काही विशेष वाटू नये. विशेष आहे ते त्या वॉर्डात त्यांनी काय पाहिले, यात.

तो काळ जरा डोळ्यांसमोर आणा. शिरोडकर जन्मण्याच्या बारा वर्षे आधी आनंदीबाई जोशी वारल्या होत्या. बायका परक्या पुरुषाला दुखणे दाखवत नाहीत आणि म्हणून हकनाक मरतात, याच कळकळीने त्या अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाल्या होत्या. शिरोडकर शिकायला लागले तोवर मोठ्या शहरांत स्त्रियांची रुग्णालये उभी राहिली होती. तरीही दवाखान्यात येणारी बाई बहुधा अगदी शेवटी येई. घरगुती उपाय, सुईण, नवस, अंगारे-धुपारे हे सगळे करून झाल्यावर येई. सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात गिरणी कामगारांच्या, हमालांच्या, मोलमजुरी करणाऱ्यांच्या बायका असत. त्यांतल्या काही जणींची कहाणी एकसारखी असे. दिवस राहतात, तीन महिने व्यवस्थित जातात, पोट दिसू लागते. घरात डोहाळे जेवणाची बोलणी सुरू होतात आणि चौथ्या, पाचव्या किंवा सहाव्या महिन्यात फारशी कळ न येता सगळे निघून जाते. एकदा नाही, तर दोनदा, तीनदा, पाचदा.

पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडतो त्याचे कारण बहुतेक वेळा गर्भाच्या घडणीतच काही चूक झालेली असते. निसर्गच तो गर्भ पुढे जाऊ देत नाही. पण पाचव्या महिन्यात पडणारे हे गर्भ चांगले वाढलेले, निर्दोष असत. मग ते का पडतात? त्या काळातली उत्तरे दोन प्रकारची होती. घरच्यांचे उत्तर म्हणजे बाईचे नशीब, पायगुण, कोणाची तरी करणी. डॉक्टरांचे उत्तर म्हणजे अंगातल्या हॉर्मोनची किंवा जीवनसत्त्वाची कमतरता. पहिल्या उत्तरावर गंडादोरा मिळे आणि दुसऱ्यावर इंजेक्शने, गोळ्या आणि महिनोन्महिने अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला. दोन्हींचा निकाल पुष्कळदा सारखाच लागे.

शिरोडकरांनी या बायकांना गरोदरपणातच, ठरावीक दिवसांनी, पुन्हा पुन्हा तपासायला सुरुवात केली. गर्भ पडून गेल्यावर तपासून फारसे हाती लागत नाही. पडण्याच्या आधी काय होते ते पाहिले पाहिजे, हा त्यांचा विचार. त्या वेळी सोनोग्राफी नव्हती. हाताच्या बोटांना जे जाणवेल तेवढेच साधन. त्या बोटांना असे जाणवले की यांतल्या अनेक जणींच्या गर्भाशयाचे तोंड, आपण ज्याला पिशवीचे तोंड म्हणतो ते, आतून हळूहळू, बिनबोभाट उघडत जाते. नऊ महिने घट्ट मिटून राहायचे आणि कळा आल्यावरच उघडायचे, हे त्याचे काम. काहींचे ते जन्मतःच कमकुवत असते. काहींना आधीच्या अवघड बाळंतपणात किंवा पिशवी साफ करताना इजा झालेली असते. गर्भ लहान असतो तोवर निभावते. चौथ्या महिन्यानंतर वजन वाढू लागले की ते तोंड भार सोसू शकत नाही. बटव्याची नाडी सैल झाली की आतला ऐवज जसा आपोआप घरंगळतो, तसे हे आहे. दोष ना गर्भाचा असतो, ना बाईच्या नशिबाचा. दोष नाडीचा असतो.

हे इतके साधे वाटते की कोणालाही सुचेल असे आपण म्हणू. तोंडाच्या या कमकुवतपणाची शंका युरोप-अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनाही आली होती. शिकागोच्या दोन डॉक्टरांनी १९५० मध्ये, बाई गरोदर नसताना, तोंडाचा सैल भाग कापून पुन्हा शिवण्याची शस्त्रक्रिया मांडली होती. शिरोडकरांनी एक पाऊल पुढे टाकले. पोटात गर्भ असतानाच त्या तोंडाला बांधून घ्यायचे त्यांनी ठरवले. गरोदर बाईच्या पिशवीला हात लावायचा म्हणजे गर्भ पडण्याचीच भीती. त्यामुळे कोणी धजत नव्हते.

त्यांची मूळ शस्त्रक्रिया अशी होती. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूंवर, एक पांढरे, चिवट, पातळ आवरण असते. त्याची एक अरुंद पट्टी त्याच बाईच्या मांडीतून काढून घ्यायची. पिशवीच्या तोंडावरच्या त्वचेला पुढून आणि मागून छेद द्यायचा, मूत्राशय हलकेच वर सारायचे आणि जिथे तोंड आतून उघडू लागते त्या उंचीवर ती पट्टी त्वचेखालून चहूबाजूंनी फिरवून बांधायची. शरीराचाच तुकडा असल्यामुळे शरीर तो नाकारत नाही. पुढच्या काळात मांडी कापण्याची गरज उरली नाही, मर्सिलीनची कृत्रिम फीत वापरात आली. ही पद्धत त्यांनी १९५५ मध्ये मद्रासहून निघणाऱ्या अँटिसेप्टिक या वैद्यकीय मासिकात एका छोट्या लेखात मांडली. त्याच वर्षी ते कॉलेजातून निवृत्त झाले. निवृत्तीच्या वर्षात भारतातल्याच एका मासिकात छापलेले ते दोन पानी टिपण जगभरच्या प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसले. आज टोकियोपासून टोरांटोपर्यंत कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला शिरोडकर हा शब्द पाठ करावा लागतो. मी आपल्या वैशंपायन मेडिकल कॉलेजात शिकत असताना हा शब्द पहिल्यांदा ऐकला. पाठ्यपुस्तकातली बाकी सगळी नावे परदेशी होती. त्यांत हे एक आपल्यासारखे आडनाव आल्याबरोबर वर्गातल्या सगळ्यांनी मान वर केली होती, हे मला अजून आठवते.

दोन वर्षांनी, १९५७ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या डॉ. मॅकडोनाल्ड यांनी याच कल्पनेची सोपी आवृत्ती काढली. त्यात त्वचा कापावी लागत नाही. थोड्या खालच्या पातळीवर दोरा चार-पाच ठिकाणी ओवून आवळायचा आणि दिवस भरत आले की कापून काढायचा. आपल्याकडे दवाखान्यांत आज घातले जाणारे पुष्कळसे टाके या सोप्या पद्धतीचे असतात, पण बोलताना नाव बहुधा शिरोडकरांचेच निघते. हेही सांगितले पाहिजे की नाव झाल्यावर हा टाका गरज नसतानाही घातला जाऊ लागला. १९९३ मध्ये इंग्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या १,२९२ स्त्रियांच्या मोठ्या चाचणीत असे दिसले की सरसकट टाका घातला तर पंचवीस जणींपैकी साधारण एकीलाच त्याचा उपयोग होतो. ज्यांचे तीन किंवा अधिक वेळा असे नुकसान झाले आहे, त्यांना मात्र त्याचा फायदा स्पष्ट दिसला. म्हणजे ज्या बायकांकडे पाहून शिरोडकरांनी ही शस्त्रक्रिया शोधली, त्यांच्यासाठीच ती सर्वांत खरी ठरली. आज आम्ही सोनोग्राफीवर पिशवीच्या तोंडाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजतो आणि मग ठरवतो. बोटांच्या जागी यंत्र आले, पण आधी पाहा आणि मग कर, ही रीत तीच आहे.

या रीतीचे मोल कळण्यासाठी त्याच काळातली अमेरिकेतली एक हकिगत सांगते. तिथेही वारंवार गर्भ पडणाऱ्या स्त्रिया होत्याच. त्यांना १९४० च्या दशकापासून स्टिलबेस्ट्रॉल नावाच्या कृत्रिम हॉर्मोनच्या गोळ्या देत असत. १९५३ मध्ये शिकागोच्या एका चाचणीत या गोळ्यांचा काही उपयोग नाही असे सिद्ध झाले, तरी त्या दिल्या जात राहिल्या. काही नाही तर निदान अपाय तरी नाही, असा समज होता. एप्रिल १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी कोवळ्या वयातल्या आठ मुलींची माहिती प्रसिद्ध केली. त्यांना योनिमार्गाचा एक अत्यंत दुर्मिळ कर्करोग झाला होता. आठपैकी सात जणींच्या आयांनी त्यांच्या वेळी गरोदर असताना याच गोळ्या घेतल्या होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गरोदरपणात हे औषध देऊ नये असे बजावले. पुढे असेही लक्षात आले की अशा आयांच्या मुलींमध्ये पिशवीचे तोंड कमकुवत असण्याचे प्रमाण जास्त असते आणि त्यांतल्या काहींना आपले बाळ टिकवण्यासाठी टाका घालून घ्यावा लागला. शिरोडकरांना हे पाहायला मिळाले नाही. ही बातमी येण्याच्या जेमतेम दीड महिना आधी ते वारले होते. पण कारण न शोधता औषध देणे आणि कारण शोधून उपाय करणे, यांत अंतर किती असते, हे या हकिगतीवरून कळावे.

टाक्यामुळे शिरोडकरांचे दुसरे मोठे काम झाकले गेले, ते अंग बाहेर येण्याच्या दुखण्यावरचे. आपल्याकडे बायका या दुखण्याबद्दल अजूनही डोळ्यांत पाणी आणून, कुजबुजत बोलतात. बाळंतपणात आधार देणारे बंध ताणले जातात, बाई पुरेशी विश्रांती न घेता पाण्याचे हंडे आणि मोळ्या उचलू लागते आणि पिशवी जागा सोडून खाली येते. काही जणींना तर एकही मूल झालेले नसताना हा त्रास होतो. वय झालेल्या बाईची पिशवी काढून टाकणे हा तेव्हाही उपाय होता. तरुण बाईसाठी मँचेस्टरची म्हणून प्रसिद्ध असलेली शस्त्रक्रिया करत, तिच्यात पिशवीच्या तोंडाचा भाग कापला जाई. त्यामुळे पुढे दिवस राहणे, राहिलेले टिकणे आणि बाळंत होणे, तिन्ही अवघड होऊन बसत. ज्या तोंडाचे मोल शिरोडकरांनी ओळखले होते, तेच यात कापले जात होते.

त्यांनी या शस्त्रक्रियेत फेरफार करून पिशवीचे तोंड शाबूत ठेवण्याची पद्धत बसवली. दुसरी पद्धत झोळीची. पोटातून शस्त्रक्रिया करून, पिशवीच्या मानेला मागून पट्टी बांधायची आणि तिची दुसरी टोके कमरेच्या खालच्या हाडाशी, माकडहाडाच्या वरच्या उंचवट्याजवळ, पक्की करायची. पिशवी पुन्हा जागेवर टांगली जाते, तोंड कापावे लागत नाही आणि तरुण बाई पुढे आई होऊ शकते. या झोळीच्या शस्त्रक्रियेलाही त्यांचेच नाव आहे. काढून टाकणे सोपे असताना जागेवर ठेवण्याची खटपट करणे हा त्यांच्या सगळ्या कामातला समान धागा आहे. बंद झालेल्या गर्भनलिका उघडण्याच्या आणि जन्मतः योनिमार्ग नसलेल्या मुलींना तो तयार करून देण्याच्या शस्त्रक्रियांवरही त्यांनी काम केले. अशा मुलींबद्दल तेव्हा घरात बोलणेही बंद असे. डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र तो शरीराच्या घडणीतला एक दोष होता आणि दुरुस्त करता येण्यासारखा होता.

मूल हवे असलेल्यांसाठी एवढे झटणारा हा डॉक्टर नको असलेल्या बाळंतपणांपासून बायकांना सोडवण्याच्या कामातही होता. १९४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कुटुंब नियोजन संघटनेच्या संस्थापक सदस्यांत त्यांचे नाव आहे. वरवर पाहता ही दोन कामे उलट दिशांची वाटतात. पण वॉर्डात बसून पाहिले तर ती एकच आहेत. एका खाटेवर पाचव्यांदा गर्भ गमावलेली बाई आणि शेजारच्या खाटेवर दहाव्या बाळंतपणाने रक्तहीन झालेली बाई. दोघींचेही शरीर त्यांच्या स्वतःच्या ताब्यात नाही.

१९६० साली त्यांचे प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्रातील आपल्या कामावरचे इंग्रजी पुस्तक एडिंबरोहून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्यांचे जन्मगाव तेव्हा अजून पोर्तुगिजांकडेच होते, गोवा मुक्त व्हायला जवळजवळ दोन वर्षे होती. १९७१ च्या प्रजासत्ताक दिनाच्या यादीत त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले आणि काही आठवड्यांतच, ७ मार्च १९७१ रोजी, ते वारले. वय ७१.

आता आपल्या वर्गाकडे येते. आपल्यातली एक मैत्रीण दहावीनंतर शाळेत दिसली नाही. तिचे लग्न झाले, यंत्रमागाच्या खडखडाटात तिचा संसार सुरू झाला. पुढच्या काही वर्षांत तीन वेळा, पाचव्या महिन्यात, तिचे पोट रिकामे झाले. सिद्धेश्वराला नवस झाले, दोरे बांधून झाले, सासरी दुसऱ्या सोयरिकीची भाषा सुरू झाली. मी नुकताच दवाखाना थाटला होता. चौथ्यांदा दिवस गेले तेव्हा ती आली, तीही शाळेतली ओळख म्हणून. चौदाव्या आठवड्यात तिला टाका घातला, सदतिसाव्या आठवड्यात काढला. मुलगा आज पुण्यात नोकरीला आहे. यात माझा मोठेपणा काही नाही, हा टाका कुठलाही प्रसूतितज्ज्ञ घालतो. मला बोचले ते वेगळेच. तिने माझ्यासमोर बसून पहिल्यांदा विचारले ते हे, की तिच्या हातून असे कोणते पाप झाले होते. तिला पिशवीला तोंड असते, ते कमकुवत असू शकते, हेच कोणी सांगितले नव्हते. न शिकवलेला धडा तो हाच. हा मजकूर छापायला देण्यापूर्वी तिने वाचला आहे आणि नाव न घालता लिही, असे सांगितले आहे.

तो काळ गेला असे म्हणायचा मोह होतो. पण दर दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या फडांवर बीडहून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांत पस्तिशीच्या आतल्याही कितीतरी. पांढरे जाणे, पोटात दुखणे, अंगावरून जास्त जाणे, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेक बायकांना पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल, अशी भीती घालण्यात आली होती. पाळी आली की कोयता थांबतो आणि खाडा धरला की पैसे कापले जातात, हाही धाक होताच. शिरोडकरांनी हयातभर जे वाचवण्याची विद्या शोधली, ते अशा रीतीने सहज काढून टाकले जात होते.

आणि कॅन्सरच्या त्या भीतीचे खरे उत्तर आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत, शोधले गेले आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राबरोबर आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेबरोबर, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि तो व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. त्या विषाणूची एकच तपासणी करून, दोष दिसला तिथे वेळीच छोटे उपचार केले, तर काय होते ते पाहायचे होते. तपासणीसाठी निवडलेल्या सुमारे चौतीस हजार जणींच्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीचीच आरोग्यसेवा मिळालेल्या सुमारे साडेएकतीस हजारांच्या गटात ६४. हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या तपासणी धोरणांत त्याचा आधार घेतला गेला. पिशवी न काढता, तिच्या तोंडाकडे वेळेवर पाहून कर्करोगाचा मृत्यू टाळता येतो, हे बार्शी-धाराशिवच्या शेतकरी, मजूर बायकांनी जगाला दाखवून दिले. शिरोडकर कर्करोगाचे डॉक्टर नव्हते. पण त्याच इंच-दीड इंचाच्या अवयवाकडे वेळेआधी नीट पाहण्याची ही रीत त्यांच्याच वाटेवरची आहे.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, आपण सगळे आता सासू, सासरे, आजी, आजोबा होण्याच्या वयात आहोत. घरातल्या सुनेला किंवा लेकीला पाचव्या महिन्यात दुःख सोसावे लागले, तर तिच्या पायगुणाची चर्चा घरात होऊ देऊ नका, पुढच्या वेळी तिला तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांकडे न्या. पिशवी काढायला सांगितली, तर काढण्याआधी आणखी एका डॉक्टरांचे मत घ्या. खरोखर गरज असते तेव्हा ती काढावीच लागते, पण भीतीपोटी काढू नका. आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्या. ती पाच-दहा मिनिटांची असते. पुरुष मित्रांनो, हे तुमच्यासाठीही लिहिले आहे, कारण दवाखान्यात नेण्याचा निर्णय अजूनही बहुतेक घरांत तुमच्याच हाती असतो.

शाळेच्या सध्याच्या बाईंशी माझे बोलणे झाले आहे. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नववी-दहावीच्या मुलामुलींना एकत्र बसवून, आपण तो राहून गेलेला धडा घेणार आहोत. फळ्यावर आकृती मी काढीन. वर सांगितलेली आपली मैत्रीणही येणार आहे. रंगीत खडू शाळेकडून मिळतील. मागच्या बाकांवर कोणाला बसायचे असेल त्यांनी साडेनऊपर्यंत यावे.